अर्धा चमचा खत आणि वर्गातली काचेची टाकी



आमच्या वर्गात खिडकीजवळ एक छोटी काचेची टाकी आहे. त्यात गप्पी मासे, व्हॅलिसनेरिया, हायड्रिला आणि दगडाला दोऱ्याने बांधलेली एक अनुबियस. गेल्या वर्षी या टाकीतले सहा गप्पी मेले. कुणा मुलाच्या हातून नाही, माझ्याच. ठाणे-डोंबिवलीच्या कितीतरी घरांत आता अशा टाक्या दिसतात, आणि माझी चूक कुणाच्याही हातून सहज होईल अशी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

झाले असे. व्हॅलिसनेरियाची जुनी पाने पिवळी पडायला लागली. मुले म्हणाली, "मॅडम, झाडांना भूक लागलीय." घरी कुंड्यांसाठी आणलेले १९:१९:१९ खत होते. पिशवीवर फवारणीसाठी लिटरला ५ ग्रॅम लिहिलेले. मी अख्ख्या टाकीला अर्धा चमचा, म्हणजे साधारण अडीच ग्रॅम टाकले आणि वाटले, किती जपून टाकतेय मी! तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. अर्ध्या दिवसाची शाळा, घाईत निघून गेले. सोमवारी कुलूप उघडले तर सहा मासे वर तरंगत होते. एका मुलीने विचारले, "पण खत तर चांगलं असतं ना मॅडम?"

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. मग आम्ही दोन आठवडे गणिताच्या तासाला तेच शोधले.

पहिला प्रश्न, टाकीत पाणी किती? काच मोजली: ४५ सेमी लांब, ३० रुंद, ३० उंच. गुणाकार केला तर ४०,५०० घन सेमी, म्हणजे साडेचाळीस लिटर. पण तळाशी वाळू आहे, दगड आहेत, वरचे चार बोटे रिकामे. टाकी रिकामी करून बादलीने मोजून भरली तेव्हा ३२ लिटर निघाले. सूत्र बरोबर आणि उत्तर चुकीचे, हे मुलांना फार आवडले! तुमच्या टाकीचे लिटर एकदा तरी बादलीने मोजा. दुकानात सांगितलेल्या आकड्यावर डोस ठरवू नका.

आता अडीच ग्रॅमचा हिशेब. १९ टक्के नायट्रोजन म्हणजे ४७५ मिलिग्रॅम. भागिले ३२, म्हणजे लिटरमागे जवळजवळ १५ मिलिग्रॅम. आकडा भीतीदायक वाटत नाही, पण खरी गोम पुढे आहे. या खतातला नायट्रोजन थोडाच नायट्रेटच्या रूपात असतो, बाकी सगळा अमोनिया आणि युरिया. मातीत हे चालते. पाण्यात जिवाणू युरियाचाही अमोनिया करतात आणि लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅम अमोनियासुद्धा माशांना त्रास देतो. फवारणीचे ५ ग्रॅम पानावर पडतात, त्या पाण्यात कोणी श्वास घेत नसतो. मी नेमके हेच विसरले होते.

म्हणून टाकीसाठी खत निवडताना नायट्रेटचे घ्यायचे. कृषी सेवा केंद्रात १३:००:४५ मिळते, ते पोटॅशियम नायट्रेट. ००:५२:३४ मिळते, त्यातून फॉस्फेट येते. दोन्ही पाण्यात पूर्ण विरघळतात. पिशवीवरचे आकडे मात्र नीट वाचायला हवेत. पहिला आकडा नायट्रोजनचा असतो, आणि आपले तपासणी किट दाखवते नायट्रेट. नायट्रोजनला ४.४३ ने गुणले की नायट्रेट मिळते. म्हणजे १ ग्रॅम १३:००:४५ मध्ये १३० मिलिग्रॅम नायट्रोजन, पण ५७६ मिलिग्रॅम नायट्रेट. तिसरा आकडाही निव्वळ पोटॅशियमचा नाही, ऑक्साइडच्या हिशेबाचा आहे, ०.८३ ने गुणा.

आमचे द्रावण असे. १४ ग्रॅम १३:००:४५ अर्धा लिटर पाण्यात. त्यातले १० मिली म्हणजे २८० मिलिग्रॅम खत. ३२ लिटरच्या टाकीत त्याने नायट्रेट लिटरमागे ५ मिलिग्रॅमने वाढते, पोटॅशियम साधारण ३ ने. दुसऱ्या बाटलीत ६ ग्रॅम ००:५२:३४ अर्ध्या लिटरमध्ये. त्यातले फक्त २ मिली, सुईशिवायच्या सिरिंजने. त्याने फॉस्फेट अर्ध्या मिलिग्रॅमने वाढते. चमचा आता टाकीजवळ ठेवतच नाही. लोह तिसऱ्या बाटलीत, आणि फॉस्फेटच्या दिवशी नाही, कारण दोघे एकत्र आले की साका बनून तळाला बसतो. बाटल्यांवर मोठ्या अक्षरात नाव, आणि तिन्ही बाटल्या कपाटात कुलपात. लहान मुलांच्या घरी तर हे हवेच.

आठवड्यातून दोनदा डोस आणि शनिवारी निम्मे पाणी बदलायचे (आदल्या दिवशी भरून ठेवलेले, क्लोरीन उडून गेलेले). यातून एक सुंदर गणित निघते. समजा झाडांनी काहीच खाल्ले नाही. पहिल्या आठवड्याअखेर नायट्रेट १०. निम्मे काढले, ५ उरले, पुन्हा १० टाकले, १५. मग १७.५, मग १८.७५. मुलांनी फळ्यावर पुढे पुढे करून पाहिले, २० च्या पुढे आकडा जातच नाही. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हणजे पाणी बदलणं हाच ब्रेक आहे." मी ते वाक्य तसेच वहीत लिहून घेतले.

तरी झाडाला नेमके काय कमी पडते ते पाहावे लागतेच. लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने हा नियम ओळखला जातो, पण आमच्या मुलांना तो पोषण आहारावरून लगेच कळला: तांदळाची पोती भरलेली असली तरी डाळ दहा ताटांचीच असेल तर खिचडी दहाच ताटे होते. उरलेला तांदूळ टाकीत शेवाळ खाते. जुनी पाने आधी पिवळी पडली तर बहुधा नायट्रोजन कमी, कारण झाड जुन्या पानातून तो काढून नव्याला देते. जुन्या पानांना बारीक भोके पडली तर पोटॅशियमकडे पाहा. कोवळे पानच फिकट निघाले तर लोह. ते जुन्या पानातून सहसा हलत नाही. प्रकाश कमी असेल तर मात्र यातले काहीही ओतून उपयोग नाही. आमची खिडकी उत्तरेची, म्हणून आता वर सांगितलेल्या डोसच्या निम्माच देतो.

उन्हाळ्यात शहाड-आंबिवलीच्या मध्ये लोकलमधून उल्हास नदी पाहिलीत का? मोहने, रायते भागात जलपर्णीने पाणी झाकून जाते. मुलांना वाटायचे, हिरवे म्हणजे नदी छान आहे. टाकीनंतर एकाने स्वतःच विचारले, "तिथे खत कोण टाकतं?" सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस, आणि निम्मे पाणी बदलायला थेट पावसाळाच. आपल्या कल्याण-डोंबिवलीच्या नळालाही याच नदीचे पाणी येते, हे सांगितल्यावर वर्ग जरा शांत झाला.

टाकीत आता चार नवे गप्पी आणि कितीतरी पिल्ले आहेत. व्हॅलिसनेरियाची टोके अजून तपकिरीच आहेत. त्याचा शोध चालू आहे. डोसची वही वर्गात खिळ्याला टांगली आहे, आणि ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता, तीच सोमवारी सिरिंज भरते.