जुन्या जावास्क्रिप्टचें नवें रूप

संगणकाच्या पडद्यावरील पृष्ठांस हालचाल देणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत असतांना निर्माण केली. पुढें २००६ सालीं जॉन रेसिग यांनीं जेक्वेरी हें साधन प्रसिद्ध केलें, आणि त्यास जोडावयाचीं असंख्य लहान प्लगिनें लिहिलीं गेलीं. चित्रें एकामागून एक दाखविणें, तारीख निवडूं देणें, अशीं कामें तीं करीत. त्यांपैकीं पुष्कळ अद्यापि चालू आहेत. तीं नव्या रीतीनें कशीं लिहावीं, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा उद्देश आहे.

जुन्या काळीं एका पृष्ठावरील सर्व फाइलींचीं नांवें एकाच सामाईक अंगणांत येत. दोघांनीं एकच नांव वापरलें, तर मागून आलेलें पहिल्यास पुसून टाकी. म्हणून लेखक आपलें लिखाण एका फंक्शनांत गुंडाळून ठेवीत. तरीहि जेक्वेरी त्या अंगणांतूनच घ्यावी लागे, आणि तिची फाइल आधीं लावण्याचें भान पृष्ठ रचणारानें राखावें लागे.

जून २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एक्मास्क्रिप्ट २०१५ या आवृत्तीनें मॉड्यूल आणि क्लास दिले. मॉड्यूल म्हणजे स्वतंत्र घर. आंतलीं नांवें आंतच राहतात. घ्यावयाचें तें ‘इंपोर्ट’नें व द्यावयाचें तें ‘एक्स्पोर्ट’नें उघड सांगावें लागतें. क्लासमध्यें वस्तूची माहिती व तिच्या क्रिया एकत्र नांदतात. आंतून मात्र जुनी प्रोटोटाइपचीच पद्धति चालते.

रूपांतराचा क्रम असा ठेवावा. प्रथम जुनें प्लगिन बाहेरून काय घेतें व इतरांस काय देतें, याची यादी करावी. मग गुंडाळणारें फंक्शन काढून त्या यादीप्रमाणें इंपोर्ट व एक्स्पोर्ट लिहावे. त्यानंतरच क्लास रचावा. प्रत्येक पायरीनंतर पृष्ठ चालवून पाहावें.

येथें चार ठिकाणीं विशेष जपावें. जेक्वेरीच्या जुन्या फंक्शनांत ‘धिस’ म्हणजे बहुधा पृष्ठावरील घटक असे. क्लासच्या क्रियेंत तो शब्द क्लासपासून झालेल्या वस्तूकडे बोट दाखवितो. मॉड्यूलमध्यें नियम कडक असल्यामुळें आधीं जाहीर न केलेल्या नांवास किंमत दिली कीं चूक ठरते. क्लास त्याच्या व्याख्येपूर्वीं वापरतां येत नाहीं, व वस्तु करतांना ‘न्यू’ हा शब्द लागतोच. शेवटीं, मॉड्यूल हें पृष्ठ वाचून झाल्यावर चालतें. म्हणून पृष्ठांतच लिहिलेली जुनी आज्ञा त्यास वेळेआधीं हांक मारील, तर उत्तर मिळणार नाहीं.

बूटस्ट्रॅप या संचाचें उदाहरण बोधप्रद आहे. त्याचीं प्लगिनें आरंभीं जेक्वेरीवर आधारलेलीं होतीं. २०१८ सालच्या चौथ्या आवृत्तींत तीं क्लासच्या रूपांत आलीं. २०२१ सालच्या पांचव्या आवृत्तींत जेक्वेरीची गरजहि संपली. तथापि पृष्ठावर जेक्वेरी आढळल्यास ती आवृत्ति जुन्या पद्धतीची हांकहि ऐकते.

हें सौजन्य विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. एखाद्या ग्रंथालयाच्या पृष्ठावरील तारखेचा तक्ता बंद पडला, तर वाचकास कारण कळत नाहीं. तो रिकाम्या हातानें परततो. जुनें लिखाण बदलण्यापूर्वीं त्यावर कोण अवलंबून आहे हें पाहावें, त्यांच्यासाठीं जुना दरवाजा कांहीं काळ उघडा ठेवावा, आणि तो केव्हां बंद होणार हें आधीं कळवावें.