घाटाजवळची पन्नास रुपयांची जागा

चैत्र लागला की जुन्नर-आंबेगावात वारांचा हिशेब संपतो. आज या गावची यात्रा, उद्या त्या गावची. आणि यात्रा म्हटली की बैलगाड्यांच्या शर्यती आल्याच. नागापूरच्या थापलिंग गडावर तर पौष पौर्णिमेलाच खंडोबाच्या नावानं हंगाम सुरू झालेला असतो. इकडचं स्टेडियम म्हणजे घाट: चढाची धावपट्टी, दोन्ही अंगांना माणसांनी गच्च भरलेले बांध आणि वरच्या टोकाला निशाण. एक बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, दहा-पंधरा सेकंदांत संपते. ती बघायला आलेल्या माणसाची सगळी संध्याकाळ मात्र लावलेली गाडी बाहेर काढण्यात जाऊ शकते.

असं पूर्वी होत नव्हतं, याला कारण आहे. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रात त्यांना पुन्हा सशर्त वाट मोकळी झाली ती १६ डिसेंबर २०२१ ला, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात घाट ओस होते, पण घरोघरची दारं भरत होती. ज्या घरातून पूर्वी चौघं एसटीनं किंवा कुणाच्या तरी टेम्पोत उभं राहून यायचे, तिथं आता दोन मोटरसायकली आणि एक चारचाकी आहे. १६ फेब्रुवारी २०२२ ला शेजारच्या खेड तालुक्यात निमगाव दावडीच्या घाटात खासदार अमोल कोल्हे घोडीवर बसून गाड्यापुढं धावले, त्या दिवसाच्या गर्दीची आठवण लोक अजून काढतात. घाट जुने, त्यांच्याकडं जाणारी वाट एका ट्रॅक्टरच्या रुंदीची, आणि माणसं नव्या जमान्याची.

नारायणगावकडच्या एका गाडाशौकिनाचा किस्सा त्याच्या मित्रमंडळीत चवीनं सांगितला जातो. मंचरच्या पूर्वेला एका गावची यात्रा. नवी गाडी, सोबत बायको-पोरं आणि सासरे. उन्हं चढल्यावर पोचला. रस्त्यावर दोरी धरून उभा असलेला पोरगा म्हणाला, “दादा, इथंच लावा, घाट दोन मिनिटांवर हाय.” पन्नास रुपये दिले, गाडी गहू काढलेल्या रानात पार कडेला नेऊन लावली. मागून गाड्यांच्या रांगांवर रांगा लागत गेल्या. शेजारच्या वाफ्यात कांद्याला पाणी सोडलेलं होतं आणि दुपारी कधीतरी दारं फुटून ते या रानात शिरलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. फायनल संपली, अंधार पडला, दोरीवाला पोरगा गायब. पुढची चाकं काळ्या मातीत जागच्या जागी फिरायला लागली. शेवटी ट्रॅक्टरवाल्यानं पाचशे घेऊन ओढून काढलं. पन्नासाची जागा साडेपाचशेला पडली, आणि सासरे गाडीत काही बोलले नाहीत ते वेगळंच.

दोरीवाल्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. जाणकार गाडाशौकीन जागेचा दर विचारण्याआधी “निघायची वाट कुठून?” असं विचारतो. रानाला एकच तोंड असेल, तर शेवटचा माणूस घाटावरून परत येईपर्यंत पहिल्यानं अडकून पडायचं. म्हणून तो बांधाच्या आतल्या बाजूला जात नाही, तोंडापाशी थांबतो आणि गाडी लावतानाच रस्त्याकडं तोंड करून लावतो. त्याहून महत्त्वाचं, घराच्या दिशेच्या अंगाला लावतो. ओतूर-जुन्नरकडं परतणाऱ्यानं घाटाच्या पलीकडं गाडी नेली, तर संध्याकाळी सगळ्या यात्रेतून वाट काढत यावं लागतं. अलीकडं मैलभर आधी थांबून चालत गेलेला माणूस त्याच्या आधी घरी जेवायला बसलेला असतो. अशा लांबच्या जागा बहुतेक वेळा फुकट असतात, हे आणखी बरं.

फुकट जागा मिळते, पण विचारावी लागते. बऱ्याच गावांत यात्रा कमिटी एखादं मोकळं रान नाहीतर शाळेचं मैदान गाड्यांसाठी ठेवते. फ्लेक्सवर बक्षिसं ठळक छापलेली असतात, ही जागा मात्र कुठंच लिहिलेली नसते. देवळापाशी किंवा कमिटीच्या मांडवात चौकशी केली की कळते. आडवी गाडी लावली तर काय होतं तेही घाटातच कळतं. निवेदक रंगात येऊन बारी सांगत असतो आणि मध्येच त्याच सुरात गाडीचा रंग, नंबर पुकारून म्हणतो, “मालकांनी गाडी काढून घ्या, बैलांचा पिकअप अडकलाय.” हजारो माणसांसमोर ते ऐकत उठून जाणं काही सोपं नाही.

पैसे कुणी घ्यावेत, याचाही नियम आहे. स्वतःच्या रानाचं भाडं शेतकऱ्यानं घेतलं तर तक्रार नको. त्याचं रान तुडवलं जातंच. ग्रामपंचायतीला १९५८ च्या कायद्यानं गाडीतळ आणि टांगातळावर फी घेता येते. ती घेतली तर पावती मागावी. सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभं राहून कुणी खासगी माणूस पैसे मागत असेल, तर ते देऊन जागा आपली होत नाही. वाहतूक अडली तर कारवाई गाडीमालकावरच. जुन्या दंडविधानाच्या २८३ कलमाखाली रस्ता अडवल्याचा दंड दोनशे रुपयांपर्यंत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २८५ कलमात तो पाच हजारांपर्यंत गेला आहे.

काही जागा फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत. पहिली, निशाणाच्या वरची मोकळी पट्टी. नवख्याला वाटतं, एवढी जागा रिकामी कशी? निशाण पडल्यावर बैल तिथंच थांबत नाहीत, तो सगळा उधळता जोर वर जातो, आणि तिथं उभ्या मोटरसायकली पत्त्यांसारख्या आडव्या होतात. दुसरी, खाली गाडे जुंपतात तिथली, पिकअपच्या आसपासची. हॉर्न वाजला की बैल बुजतात आणि गाडामालक मग कुणाचं ऐकत नाही. तिसरी, वाळलेलं गवत नाहीतर गव्हाच्या काडाचं रान: तासभर चालून आलेल्या गाडीचा सायलेन्सर तापलेला असतो, खाली काड पेटायला वेळ लागत नाही. मोटरसायकलवाल्यानं बाजरीच्या धसकटांत चाक घालू नये, पंक्चर ठरलेलं. ठिबकच्या नळ्यांवरून गाडी गेली तर शेतकरी भरपाई मागणारच, आणि मागावीच.

उसाच्या कडेची सावली मात्र सगळ्यात फसवी. हा बिबट्याचा मुलूख आहे. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. दिवसा तिथं काही वाटत नाही, पण गाडीकडं परत येण्याची वेळ तिन्हीसांजेची किंवा त्यानंतरची असते. लहान मुलं सोबत असतील तर उसापासून लांब, उजेडाजवळ गाडी लावावी, परतताना घोळक्यानं बोलत यावं, पोरांना मध्ये ठेवावं. बिबट्या दिसलाच तर वन विभागाचा १९२६ हा नंबर आहे.

चावी कुणाकडंही देऊ नये, “मी सरकवून ठेवतो” म्हणणारा कितीही गोड बोलला तरी. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, आणि एक नसली की प्रश्न सुरू होतात. गर्दीत मोबाइलची रेंजही जाते. म्हणून चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते गाडी सोडण्याआधीच ठरवावं. “गाडीजवळ” हे ठिकाण सांगून उपयोग नाही, सगळ्यांच्या गाड्या पांढऱ्याच.

मोठ्या स्टेडियमला यातून सुटका आहे असंही नाही. एक्सप्रेसवेच्या कडेला गहुंजेचं मैदान सदतीस हजारांवर माणसं बसतील एवढं आहे. १९ ऑक्टोबर २०२३ ला विश्वचषकातला भारत-बांगलादेश सामना तिथंच झाला. इकडून जाणाऱ्याला आधी चाकणचा चौक ओलांडावा लागतो, मग गाडी लावायच्या रांगा. भीमाशंकरला मात्र श्रावणात वेगळी सोय असते: खासगी गाड्या निगडाळ्याला थांबवतात आणि पुढं एसटी नेते. एका मोठ्या यात्रेच्या गावानं हायवेलगतच्या एखाद्या मैदानापासून घाटापर्यंत दोन-तीन टेम्पो फिरवले आणि माणशी दहा रुपये घेतले, तर कमिटीचा खर्च निघेल आणि बैलांच्या पिकअपला रस्ताही मोकळा राहील. तोवर चार घरांनी मिळून एकच जीप करणं सगळ्यात स्वस्त पडतं, आणि तिचा चालक शर्यतीचा शौकीन नसला तर फारच उत्तम. नाहीतर फायनलच्या वेळी तोच बांधावर सापडतो.