मेंदूतले रस्ते आणि मेंदूचे आजार

‘डॉक्टर, यांची जीभ हलते, कानाला ऐकू येते, माणसे ओळखतात; मग बोलताच का येत नाही?’ पक्षाघाताच्या (लकव्याच्या) रुग्णाचे नातेवाईक हा प्रश्न मला वारंवार विचारतात. प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर शोधण्यात वैद्यकशास्त्राची दीडशेहून अधिक वर्षे गेली. अलीकडच्या काळात या शोधाला नवे वळण मिळाले आहे. मेंदूविकारांचे उपचार त्यामुळे बदलत आहेत, म्हणून सर्वसामान्य वाचकांनीही तो समजून घ्यावा.

खोल्या की रस्ते?

पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे लेबोर्न नावाचा एक रुग्ण आला. त्याला बोललेले समजत असे, पण काहीही विचारले तरी तोंडातून ‘तां तां’ एवढेच बाहेर पडे. काही दिवसांतच तो दगावला. त्याचा मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूस, कपाळामागच्या भागात इजा दिसली. ‘वाचेचे केंद्र’ सापडले! पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी शब्दांचा अर्थ लावणारा भाग दाखवला. मग मेंदूचा नकाशा एखाद्या वाड्यासारखा आखला जाऊ लागला. ही बोलण्याची खोली, ही पाहण्याची, ही हात हलवण्याची. मी एम.बी.बी.एस.ला शिकलो तेही मुख्यतः असेच.

हा नकाशा चुकीचा नाही, पण अपुरा आहे. लेबोर्नचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेला आहे. २००७ साली शास्त्रज्ञांनी त्याचे एम.आर.आय. चित्र काढले. इजा पृष्ठभागापुरती नव्हती. ती खोलवर गेली होती आणि मेंदूच्या पुढच्या व मागच्या भागांना जोडणारा तंतूंचा जाड जुडगाही तिने तोडला होता. म्हणजे खोली पडली होतीच, पण तिच्याकडे येणारा रस्ताही उखडला गेला होता.

आपल्या मेंदूत सुमारे ८ हजार ६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांच्या पेशींचा भाग करडा दिसतो आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंचा भाग पांढरा दिसतो. ‘पाणी द्या’ एवढे दोन शब्द उच्चारायचे तरी तहान जाणवणे, शब्द शोधणे, ते क्रमाने लावणे आणि ओठ, जीभ, घसा यांच्या स्नायूंना हुकूम देणे ही कामे वेगवेगळ्या ठिकाणी होतात. या ठिकाणांचा परस्परांशी संपर्क पापणी लवण्याच्या आत व्हावा लागतो. अशा एकत्र काम करणाऱ्या ठिकाणांच्या समूहाला मेंदूतील ‘जाळे’ म्हणतात. मघाच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. जीभ शाबूत, कान शाबूत, पण मधला संपर्क तुटलेला. या अवस्थेला वाचाघात म्हणतात.

२०१९ चा पूर आठवा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला आणि कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्ग पाण्याखाली गेला. कराड-साताऱ्याकडे रस्ता कोरडा होता, तरीही तिकडे मालमोटारींच्या रांगा लागल्या. साताऱ्याचा रस्ता पाहून कुणाला बिघाड सापडला असता का? बिघाड एका ठिकाणी आणि खोळंबा दुसऱ्या ठिकाणी, हे मेंदूतही घडते. कॉन्स्टँटिन फॉन मोनाकोव्ह यांनी १९१४ सालीच लिहून ठेवले होते की, मेंदूच्या एका भागाला इजा झाली तर त्याच्याशी जोडलेल्या दूरच्या, निरोगी भागाचे कामही मंदावते.

आणखी एक गोष्ट. सगळी ठिकाणे सारख्या महत्त्वाची नसतात. एखाद्या लहान स्टेशनात गाडी अडकली तर थोडा उशीर होईल. मिरज जंक्शन बंद पडले तर पुणे, कोल्हापूर, पंढरपूर, बेळगाव अशा चारी दिशांची वाहतूक कोलमडेल. मेंदूतही अशी जंक्शने आहेत. म्हणून कधी लहानशी रक्ताची गुठळी मोठे अपंगत्व आणते, तर कधी मोठी इजा होऊनही माणूस बराचसा सावरतो.

नकाशा काढतात कसा?

एम.आर.आय. यंत्राने दोन प्रकारे हे रस्ते पाहता येतात. पहिल्या पद्धतीत पाण्याच्या सूक्ष्म हालचालीचा माग काढतात. तंतूंच्या जुडग्यात पाणी आडवे पसरण्यापेक्षा तंतूंच्या दिशेने सहज सरकते. त्यावरून रस्ता कुठून कुठे जातो ते संगणक रेखाटतो. दुसऱ्या पद्धतीत मेंदूच्या कोणत्या भागात रक्तातला प्राणवायू कसा कमी-जास्त होतो ते पाहतात. १९९५ साली अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ भरत बिस्वाल यांनी दाखवले की, माणूस नुसता स्वस्थ पडून असतानाही डाव्या व उजव्या हाताची हालचाल सांभाळणारे मेंदूचे भाग एका लयीत चढ-उतार करत असतात. जोडलेले भाग विश्रांतीतही एकमेकांशी ‘बोलतात’. त्यामुळे बेशुद्ध किंवा लहान वयाच्या रुग्णाच्याही जाळ्यांचा अंदाज घेता येऊ लागला.

अमेरिकेत २००९ साली सुरू झालेल्या मोठ्या प्रकल्पात सुमारे १२०० निरोगी तरुणांच्या मेंदूंचे असे नकाशे काढले गेले. आपल्याकडे हैदराबादच्या ट्रिपल आय.टी. संस्थेने २०१९ साली १०० भारतीयांच्या चित्रांवरून भारतीय मेंदूचा नमुना-नकाशा तयार केला. पाश्चात्त्य नमुन्यापेक्षा आपल्या मेंदूची उंची, रुंदी व आकारमान सरासरीने कमी आढळले. याचा बुद्धीशी काही संबंध नाही. मात्र रुग्णाचा मेंदू आक्रसला आहे की नाही हे ठरवताना तुलनेचे माप आपलेच हवे, हा त्याचा उपयोग.

इथे एक खुलासा केला पाहिजे. वर्तमानपत्रांत गुन्ह्यांच्या बातम्यांत नार्को चाचणीबरोबर ‘ब्रेन मॅपिंग’ हा शब्द येतो. ती चाचणी वेगळी. आरोपीच्या संमतीवाचून ती करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. तसेच मुलांचा ‘मिडब्रेन’ जागृत करून देतो, बोटांच्या ठशांवरून बुद्धीचा नकाशा काढून देतो, अशा जाहिरातींचाही या शास्त्राशी सुतराम संबंध नाही. पालकांनी त्यांत पैसे घालवू नयेत.

उपचारांत उपयोग काय?

पहिला आजार फिट येण्याचा (अपस्मार, फेफरे). यात मेंदूच्या एखाद्या जाळ्यात विजेचे वादळ उठते. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांच्या फिट औषधांनी थांबतात. योग्य अशी दोन औषधे योग्य मात्रेत घेऊनही फिट थांबत नसतील तर मात्र नुसत्या गोळ्या बदलत राहू नये. वादळ कुठून उठते हे ई.ई.जी. आलेख, एम.आर.आय. आणि फिटचे चित्रीकरण यांवरून शोधता येते. ते ठिकाण सापडले आणि ते बोलण्याच्या वा हालचालीच्या रस्त्यावर नसेल तर शस्त्रक्रियेने काढता येते. ही विद्या आपल्या देशाला नवी नाही. कॅनडात वाइल्डर पेनफिल्ड हे जाग्या रुग्णाच्या मेंदूला सौम्य विद्युतस्पर्श करून नकाशा काढत. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, म्हणून हे शक्य होते. त्यांच्याकडे शिकलेले डॉ. जेकब चांडी १९४९ साली वेल्लोरला आले आणि ऑगस्ट १९५२ मध्ये तिथे भारतातली पहिली अपस्मार-शस्त्रक्रिया झाली. असे असूनही आजही आपल्या खेड्यांत फिट आलेल्या मुलीला कांदा किंवा चप्पल हुंगवतात आणि नंतर देवऋषाकडे नेतात, याचे वाईट वाटते.

दुसरा आजार कंपवात. १९८७ साली फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे डॉ. बेनाबिद यांनी मेंदूत खोलवर बारीक तार बसवून सतत सौम्य विद्युतप्रवाह दिला आणि रुग्णाची थरथर थांबली. पुढे लहान शेंगदाण्याएवढ्या एका केंद्रावर हा उपचार होऊ लागला. केंद्र लहान, पण हालचालीच्या जाळ्यातले ते जंक्शन आहे. मुंबईत ही शस्त्रक्रिया वीस वर्षांहून अधिक काळ होत आहे. ती खर्चिक आहे, प्रत्येकाला लागू पडत नाही आणि आजार मुळातून बरा करत नाही. औषधांचा गुण पूर्वी चांगला येत होता, पण आता टिकत नाही, अशा निवडक रुग्णांना तिचा फायदा होतो.

तिसरा विषय पक्षाघातानंतरच्या सुधारणेचा. कृष्णाकाठच्या एका गावातले निवृत्त गुरुजी माझे रुग्ण आहेत. पक्षाघातानंतर त्यांना स्वतःचे नाव सांगता येईना. ‘ते, ते’ एवढेच म्हणत. गणपतीत घरी आरती सुरू झाली आणि गुरुजींनी टाळ्या वाजवत ती शब्दन् शब्द म्हटली! घरच्यांना वाटले, हे सोंग घेतात की काय. सुनेने मला तसे विचारलेही, आणि त्या दिवसांत घरात गुरुजींशी कुणी धड बोलत नव्हते. सोंग नव्हते. मनात येईल ते नव्याने जुळवून बोलणे हे बहुतेकांत मेंदूच्या डाव्या बाजूच्या जाळ्याचे काम आहे. पाठ झालेले शब्द व चाल यांना उजव्या बाजूचीही साथ मिळते. डावा रस्ता तुटला तरी उजवा उघडा होता.

याचा उपयोग करून १९७३ साली अमेरिकेत चालीवर बोलायला शिकवण्याची पद्धत निघाली. रुग्ण हाताने ठेका धरून छोटी वाक्ये सुरात म्हणतो आणि हळूहळू सूर कमी करत नेतो. या पद्धतीचा मुख्य फायदा सराव केलेल्या वाक्यांपुरता दिसतो, हेही सांगितले पाहिजे. गुरुजी आज ‘चहा हवा’, ‘बाहेर जाऊ’ एवढे म्हणतात. पूर्वीसारखे बोलत नाहीत. पण घरातला अबोला संपला, ही लहान गोष्ट नव्हे.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे पाणी आटले तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी नेले. नळासारखे ते घरोघर पोचले नाही, तरी शहराची तहान भागली. मेंदूही असेच पर्यायी मार्ग शोधतो. पण सराव केला तरच ते मार्ग वाहते होतात.

वाचकांनी लक्षात ठेवावे

१) चेहरा अचानक वाकडा होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा न समजणे, ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. लक्षण कधी सुरू झाले ती वेळ लिहून ठेवा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जा. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच द्यायचे असते. उशीर झाला तरी जावेच, कारण काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत गुठळी नळीने काढता येते.

२) घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. तोंडात पाणीही घालू नका, ठसका लागतो.

३) फिट आली तर रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालयात न्या. सुरू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका.

४) जाळ्यांचा नकाशा ही रोजची तपासणी नव्हे. तो बराचसा संशोधनात आणि मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी वापरला जातो. डोके दुखते म्हणून त्याचा आग्रह धरू नये.

५) रक्तदाब व मधुमेह ताब्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, हीच या रस्त्यांची सर्वांत स्वस्त देखभाल आहे.

६) वाचाघाताचा रुग्ण वेडा किंवा बहिरा नसतो. त्याच्यासमोर ‘आता यांचे काही खरे नाही’ असे बोलू नका. त्याला ते बहुधा समजत असते. ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येईल असे छोटे प्रश्न विचारा, उत्तराला वेळ द्या, वाक्य त्याच्या तोंडून काढून घेऊ नका. भजन, आरती, पाढे, जे पाठ असेल ते रोज त्याच्याबरोबर म्हणा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त वेगाने होते, पण त्यानंतरही ती थांबत नाही.