स्वतःहून आलेला आणि आणलेला

नाशिकच्या गंगापूर रोडवर मी व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन करते. हाच रस्ता पुढे धरणाकडे, द्राक्षमळ्यांकडे जातो. शनिवार-रविवारी वायनरीकडे गाड्यांची रीघ असते, आणि माझ्यासमोर कुणाची तरी आई बसलेली असते. इतक्या वर्षांत कळलेलं थोडं लिहिते.

१. निव्वळ स्वतःच्या मर्जीने आलेला माणूस विरळाच. अर्जावर ‘स्वेच्छेने’ लिहिलेलं असतं. मागे साहेबांची नोटीस असते, माहेरी गेलेली बायको असते, नाहीतर लिव्हरचा रिपोर्ट. म्हणून ‘त्याला वाटेल तेव्हा बघू’ म्हणणाऱ्या घरच्यांना मी थांबू देत नाही.

२. आणलेला माणूस आधी आणणाऱ्यावर चिडलेला असतो. एकाला ‘लग्नाला जायचंय’ म्हणून गाडीत बसवलं होतं. हात इतके थरथरत होते की चहा बशीत सांडत होता, आणि त्याचा एकच प्रश्न, “दादा खोटं का बोलला?” दारूचा विषय निघायला आठवडा गेला. थरथर औषधांनी काही दिवसांत उतरते, हा राग मात्र डिस्चार्जनंतर घरी जातो. न्यावंच लागलं, तर कुठे नेतोय ते सांगून न्या.

३. स्वतःहून आलेल्याचा धोका वेगळा. झोप लागते, जेवण जातं, आणि आठवड्यात ‘मॅडम, आता कळलं मला, सोडा’ सुरू होतं.

४. मर्जीविरुद्ध ठेवायला नुसती नातेवाइकाची सही पुरत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज आणि मानसोपचारतज्ज्ञासह दोघांची स्वतंत्र तपासणी लागते. पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. रात्री चार धट्टेकट्टे पाठवून माणूस उचलणाऱ्या केंद्राकडे आधी नोंदणीचा कागद मागा. मारहाण म्हणजे उपचार नव्हे, हे मी ओरडून सांगेन.

५. आणलेल्याच्या बायकोला, आईला आधार जास्त लागतो. ‘मीच त्याला पकडून दिलं’ हे त्यांच्या मनातून जात नाही. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणने पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला, तो म्हणूनच मला मोलाचा वाटतो.

६. वर्षभर फॉलोअपला नेमाने येणाऱ्यांत दोन्ही प्रकारचे असतात. कोण कसा आला होता, हे फाइल उघडल्याशिवाय मला सांगता येत नाही. कुठून सुरुवात करावी सुचत नसेल, तर १४४४६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. तो तयार नसला तरी घरच्यांनी फोन करावा.