लखनौचा घाट

विटा, जि. सांगली

चि. विनू यास,


तुझे पत्र आणि सोबतचे तिन्ही नकाशे मिळाले. ज्युनिअर मुलामुलींच्या अजिंक्यपद शर्यतीचा मार्ग सुचवायचे काम तुझ्याकडे आल्याचे ताईने फोनवर आधीच सांगितले होते. लखनौच्या चौकातल्या सोने-चांदी गलाईच्या दुकानात बसून दाजींना तुझे सायकलवेड कधी उमगले नाही, आता तेही विचारतात म्हणे, "मग कुठून जाणार शर्यत?"

आधी तुझी खंत निकालात काढू. मुंबई-पुणे शर्यतीला बोरघाट आहे, तिथे घाटाचा राजा ठरतो. लखनौत चढ म्हणजे उड्डाणपूल, मग दमाचे पोर वेगळे कसे दिसणार, असे तू लिहितोस. तसे होतेही: २०११ ची जागतिक सायकल स्पर्धा कोपनहेगनला सपाटीवर झाली, तेव्हा सगळा घोळका एकत्र शेवटापर्यंत आला आणि कॅव्हेंडिशने जोरदार फिनिश मारून ती जिंकली. दोहाही सपाटच. पण २०१६ मध्ये तीच स्पर्धा तिथे झाली, तेव्हा उघड्या वाळवंटात आडव्या वाऱ्याने घोळक्याचे तुकडे केले आणि भलेभले मागे पडले. तुमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर पछुवा वारा सुटतो. लखनौचा घाट तोच. तो पश्चिमेकडून येतो, म्हणजे दक्षिणोत्तर रस्त्यावर आडवा लागतो. मार्गाची एक लांब बाजू दक्षिणोत्तर आणि दोन्हीकडून मोकळी असू दे. तिथे मुले आडोशासाठी तिरकी रांग धरतात, म्हणून रस्ता रुंद हवा. अरुंद असला तर कडेचा मातीत जातो.

आता मुख्य गोष्ट. मार्ग पाहताना आपण पुढच्या पाच जणांच्या नजरेने पाहतो. त्यांना रस्ता दिसतो. पन्नासाव्या नंबरच्या पोराला फक्त पुढच्याचे मागचे चाक दिसते. खड्डा, वळणावरची वाळू, दुभाजकाचे टोक त्याला कळते ते त्यावर गेल्यावर. मार्ग निवडायचा तो त्याच्यासाठी. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना घोळक्यात चालवायचा सराव बेताचा असतो आणि ईर्षा भरपूर.

त्या नजरेने तुझे तीन नकाशे बघ. पहिला किसान पथ: सरळ जायचे, यू-टर्न घ्यायचा, परत यायचे. कागदावर सोपे. पण यू-टर्नला पुढचे पाच जण वेग थोडा कमी करून वळतात आणि मागचे जवळजवळ थांबतात. मग गेलेले अंतर भरून काढायला प्रत्येक वेळी जिवाच्या आकांताने पळावे लागते. ताकद असलेले पोरही नुसते मागे सापडले म्हणून सुटते. शिवाय तो बाह्यमार्ग जड वाहने शहराबाहेरून जावीत म्हणून केला आहे. तो अडवलास तर ट्रक शहरात शिरतील, आणि त्याला पोलीस परवानगी देणार नाहीत.

दुसरा, जनेश्वर मिश्र पार्कभोवतीचा. तीनशे शहात्तर एकरांचा पार्क, रविवारी सकाळी फिरायला येणाऱ्यांची रीघ. गोल चक्कर आले की घोळका दोन्ही बाजूंनी फुटतो आणि पुढे एकमेकांत घुसतो. फेरीही लहान. चार किलोमीटरची फेरी ताशी चाळीसच्या वेगाने सहा मिनिटांत होते. मागे पडलेल्याला लगेच फेरीने गाठतात आणि बाहेर काढतात. लांबून आलेल्या पोराला पाऊण तासात घरी पाठवण्यात काय मतलब?

तिसरा मला पटतो: सुलतानपूर रोडजवळची सीजी सिटी, जुन्या चक गंजरियाची जमीन. रस्ते रुंद आणि वस्ती अजून विरळ. दहा-बारा किलोमीटरची फेरी बसते का, ते सायकलच्या मीटरवर मोजून कळव. एवढ्या फेरीला पंधरा-अठरा मिनिटे लागतात आणि प्रत्येक चौकातला स्वयंसेवक प्रत्येक फेरीला उपयोगी पडतो. जागतिक स्पर्धेत ज्युनिअर मुलांना साधारण १२० ते १४० आणि मुलींना ६० ते ८० किलोमीटर असतात. तुम्ही मुलांना शंभर, मुलींना साठ ठेवा, पुरे होते.

पण एक पेच आहे. बंद फेरी म्हणजे वेढा. सीजी सिटीत कॅन्सरचे मोठे रुग्णालय आहे. ॲम्ब्युलन्स आणि रुग्णांच्या गाड्या कुठून आत-बाहेर होतील हे मार्ग आखतानाच ठरव, आणि शक्यतो रुग्णालयाचे फाटक वेढ्याबाहेर राहील असे बघ.

पाहणीला गाडीतून जाऊ नकोस. शर्यतीच्याच वारी, शर्यतीच्याच वेळेला आठ-दहा मुलांसह सायकलवर जा आणि स्वतः मागे राहा. मग वळणे पायी चाल. गटाराची जाळी नीट बघ: पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असल्या तर पंचवीस मिलिमीटरचे चाक फटीत अडकते आणि पोर हँडलवरून पुढे फेकले जाते. अशी जाळी आडवी फिरवून बसवून घे. गतिरोधक, रंबलच्या पट्ट्या, पुलाचे सांधे यांची यादी कर. जे काढता येत नाही त्याच्या पन्नास मीटर आधी शिट्टी आणि झेंडा घेऊन माणूस उभा कर. मोकाट जनावरांसाठी गावकऱ्यांशी आधीच बोल. रेल्वे फाटक मार्गात नकोच. बंद फाटक ओलांडले की खेळाडू बाद होतो, आणि शर्यतीचा निकाल मालगाडीने लावायचा नसतो.

फिनिश सरळ, रुंद आणि शेवटच्या तीनशे मीटरमध्ये वळण नसलेले हवे. आंतरराष्ट्रीय नियमात रेषेआधी तीनशे आणि नंतर शंभर मीटर कठडे लागतात. तेवढे तुम्हीही लावा. सकाळी फिनिश पूर्वेकडे तोंड करून ठेवू नकोस, ऊन डोळ्यांत जाते.

तारीख मार्चअखेरची बघ. डिसेंबर-जानेवारीत धुके, मेमध्ये लूचा तडाखा. आणि फेब्रुवारीत व मार्चच्या सुरुवातीला यूपी बोर्डाची परीक्षा, म्हणजे तुझे निम्मे स्पर्धक पेपर लिहीत असतील. मुली सातला, मुले नऊला सोड. दुपारच्या आत सगळे आटोपते.

एक कटू गोष्टही लिहितो. २६ सप्टेंबर २०२४ रोजी झुरिचच्या जागतिक स्पर्धेत मुरियल फुरर ही अठरा वर्षांची स्विस मुलगी ज्युनिअर शर्यतीत पडली आणि दुसऱ्या दिवशी वारली. झाडीतल्या उतारावर ती पडली, आणि बराच वेळ कोणाच्या लक्षात आले नाही, अशा बातम्या होत्या. पैसा, यंत्रणा, अनुभव, कशाचीच तिथे वानवा नव्हती. म्हणून मार्गाचा एकही तुकडा कोणाच्या नजरेआड ठेवू नकोस, आणि प्रत्येक फेरीला डोकी मोज. एक जरी कमी भरले तर लगेच शोधायला माणूस पाठव.

समितीत कोणी म्हणेल, पोरांच्याच तर शर्यती, एवढे कशाला? वाद घालू नकोस. त्यांना सायकलवर बसवून घोळक्याच्या मागे एक फेरी मारायला लाव. मनासारखा रस्ता मिळाला नाही तर अंतर कमी कर किंवा तारीख पुढे ढकल. शंका असलेल्या वळणावर मात्र सही करू नकोस. पत्रकावर मार्ग सुचवणारा म्हणून तुझे नाव असेल.

मोजमाप कळव. ताईला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा