वैशाखात भिजवलेली कणीक

माझ्या डाव्या मनगटावर, बांगड्या जिथं टेकतात तिथं, सुपारीएवढा गुळगुळीत डाग आहे. तो साखरेनं भाजल्याचा आहे. मे २०१६ मध्ये लातूरच्या घरी धाकट्या लेकीच्या वाढदिवसाला मी दालचिनीचा गोड पाव करायला घेतला, त्या दुपारची ही खूण. नात्यातल्या, शेजारच्या मुली नवा ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, घरी आला की हाच पाव शिकायला माझ्याकडं येतात. दिसायला देखणा, करायला सोपा, असं त्यांनी ऐकलेलं असतं. तो सोपा आहेच. तरी कृती सांगण्याआधी मी त्यांना मनगट दाखवते आणि ती दुपार सांगते.

हा पाव म्हणजे मैद्याच्या फुगलेल्या कणकेचे लिंबाएवढे गोळे. ते पातळ लोण्यात बुडवायचे, साखर आणि दालचिनीत घोळवायचे, डब्यात एकाला एक चिकटवून रचायचे आणि भाजायचे. सुरी लावायची नाही, ताटाभोवती बसून ज्यानं त्यानं आपला गोळा तोडून घ्यायचा. हंगेरीत असा पाव फार जुना आहे, त्याच्या नावाचा अर्थच सोनेरी गोळे. तिकडून गेलेल्या ज्यू कुटुंबांनी तो अमेरिकेत नेला, तिथं त्याला मंकी ब्रेड म्हणतात. आपल्याला तोडून खायचा पाव नवा नाही. लादी दुसरं काय असते? गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाले, माडाची सूर घालून कणीक फुगवत, तिथपासून ही रीत आपल्याकडं आहे. नांदेडला माझ्या माहेरी संध्याकाळी वजिराबादेतून गरम लादी यायची आणि मधला पाव कुणाचा यावरून आम्हा भावंडांची भांडणं व्हायची. मधल्या पावाला चारी बाजूंनी मऊ लुसलुशीत अंग असतं, कडेच्याला एक बाजू टणक. दालचिनीच्या पावात ती मधली चव जवळजवळ प्रत्येक गोळ्याला मिळते. म्हणून पोरांना तो इतका आवडतो.

तर ते २०१६ चं साल. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आलं होतं. घरोघर टाक्या, घागरी, बादल्या मांडलेल्या. धाकटीसुद्धा हात धुताना पेला मोजून पाणी घ्यायची. बाहेर बेचाळीसच्या आसपास ऊन आणि पंखा फिरवत होता तीही गरम हवाच. कृती एका इंग्रजी पुस्तकातली होती. त्यात लिहिलं होतं, कणीक उबदार जागी दीड तास ठेवा, मग गोळे रचून पुन्हा पाऊण तास. मी घड्याळ लावलं आणि बाकीच्या तयारीला लागले.

दीड तासानं झाकण काढलं तर कणीक पातेल्याच्या काठावर येऊन मध्ये खचलेली, आणि ताडीसारखा आंबट वास. मला वाटलं, भरपूर फुगली म्हणजे चांगलंच झालं. गोळे केले, रचले, पुन्हा पाऊण तास ठेवले. भट्टीत गेल्यावर ते आधी डब्याच्या वर आले आणि मग बसले. बसताना कडेनं साखरेचा पाक बाहेर ढकलला गेला, तो खालच्या तापलेल्या सळीवर पडला आणि स्वयंपाकघर धुरानं भरलं. मी घाबरून डबा ओढून काढला. पुस्तकात होतं, गरम असतानाच ताटात उलटा करा, नाहीतर साखर चिकटून बसेल. धुरात, घाईत, जाड कापडाऐवजी हाती आलेल्या पातळ फडक्यानं डबा धरून मी तो लगेच उलटला. ताट तिरकं झालं आणि उकळता पाक मनगटावर आला, बांगड्यांच्या खाली.

उकळतं पाणी अंगावर पडलं तर ओघळून जातं. साखरेचा पाक पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो, शिवाय तो चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. मी हात वाटीभर पाण्यात बुडवला आणि मिनिटभरात काढला. बादलीत उरलेलं पाणी संध्याकाळच्या भांड्यांना लागणार होतं आणि त्या महिन्यात हात आपोआप आखडायचा. मग शेजारणीनं मायेपोटी टूथपेस्ट आणून दिली, ती मी लावली. संध्याकाळपर्यंत मनगट सुजलं, बांगड्या रुतल्या आणि दवाखान्यात त्या कापून काढाव्या लागल्या. वाळलेली पेस्ट जखमेवरून पुसून काढताना ज्या कळा आल्या, त्या भाजण्यापेक्षा वाईट होत्या.

डॉक्टरांनी सांगितलं ते मी तेव्हापासून प्रत्येकीला आधी सांगते. भाजलं की पहिल्यांदा बांगड्या, अंगठी, घड्याळ काढायचं, सूज यायच्या आत. त्याच वेळी साधं गार पाणी, वीस मिनिटं. नळ नसेल तर खाली घमेलं ठेवून तांब्यानं धार धरायची आणि घमेल्यातलं तेच पाणी पुन्हा पुन्हा ओतायचं, पाण्याची कितीही ओढ असली तरी एवढं जमतं. बर्फ नको, हळद नको, तूप नको, पेस्ट नको. कातडीला चिकटलेली साखर ओरबाडायची नाही, पाण्यानं आपोआप सुटेल तेवढी सुटू द्यायची. फोड फोडायचा नाही. मग स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळायचं. हाताचा पंजा, तोंड, सांधा भाजला असेल किंवा लेकराला भाजलं असेल, तर घरी वाट बघायची नाही.

पण भाजणं ही शेवटची चूक होती. पहिली चूक दीड तास आधी झाली होती, आणि ती माझ्या लक्षात आणून दिली आत्याबाईंनी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या कधी बेकरीच्या वाटेला गेल्या नाहीत, पण येळवसेच्या सणाची आंबील त्यांच्या हातची. माझा हात बघत त्या म्हणाल्या, “आगं, आंबील घड्याळ बघून आंबती का? थंडीत मडकं चुलीच्या अंगाला ठिवतो, उन्हाळ्यात रांजणापशी. कणकीचं येगळं काय असंल?”

वेगळं काहीच नसतं. यीस्ट हा जिवंत जीव आहे. कणकेतली साखर खाऊन तो वायू सोडतो आणि मैद्याच्या चिवट जाळीत तो वायू अडकला की कणीक फुगते. साधारण पस्तीस अंशांपर्यंत ऊब जशी वाढेल तसा त्याचा वेग वाढतो. पुस्तकातलं स्वयंपाकघर वीस-बावीस अंशांचं, तिथं ‘उबदार जागा’ शोधावी लागते. आमच्याकडं वैशाखात गार जागा शोधावी लागते. तिथला दीड तास लातूरच्या मे महिन्यात अर्ध्या-पाऊण तासात संपतो. त्यापुढं जाळी ताणून ताणून फाटते, वायू निसटतो, कणीक खचते आणि आंबट होते. इडलीचं पीठ उन्हाळ्यात लवकर वर येतं म्हणून आपण ते उशिरा भिजवतो, हे आपल्या घरातल्या प्रत्येकीला ठाऊक असतं. परक्या पुस्तकातली कृती हातात घेतली की नेमकं तेच शहाणपण आपण बाजूला ठेवतो. मी ठेवलं होतं.

नांदेडच्या एका बेकरीतल्या चाचांना मी पुढं विचारलं, तेव्हा कळलं की उन्हाळ्यात ते बर्फाचं पाणी घालून मैदा भिजवतात आणि यीस्टही कमी करतात. आता मी तसंच करते. मार्च ते जून दूध थेट फ्रिजमधलं गार, यीस्ट निम्मं, आणि काम पहाटे. भिजवलेल्या कणकेचं पातेलं माठातल्या पाण्याच्या परातीत ठेवायचं आणि वर ओलं फडकं टाकायचं. घड्याळाऐवजी बोट. मैदा लावलेलं बोट कणकेत पेरभर दाबायचं: खड्डा झटकन भरला तर अजून थांबा, हळूहळू निम्मा भरला तर कणीक तयार, भरलाच नाही आणि भोवतालची कणीक बसली तर उशीर झाला. पहिल्या फुगण्यात असा उशीर झाला तर दाबून हवा काढून लगेच गोळे करायला घ्यावेत. गोळे रचल्यावर उशीर झाला तर मात्र ते सगळे काढून, पुन्हा वळून रचावेत. मी त्या दिवशी केले तसे भट्टीत ढकलू नयेत.

हिवाळ्यातली चूक उलटी असते. थंडी म्हणून दूध गॅसवर चांगलं तापवतात, त्यात यीस्ट घालतात आणि मग कणीक दगडासारखी बसून राहते. पंचावन्न-साठ अंशांना यीस्ट मरतं. दुधात बोट बुडवून दहा आकडे मोजावेत, बोट सुखानं राहिलं तर ते कोमट. उघडलेलं पाकीट उन्हाळ्यात फळीवर ठेवलं तरीही ते मरतं, म्हणून बरणीत घट्ट बंद करून फ्रिजमध्ये. शंका असेल तर आधी चमचाभर कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि थोडं यीस्ट घालून दहा मिनिटं बघावं, फेस आला नाही तर ते टाकून द्यावं. या परीक्षेला टँकरचं ताजं पाणी नको, त्यातली जंतुनाशक पावडर यीस्टलाही मारू शकते. उकळून निववलेलं घ्यावं.

प्रमाण असं. मैदा ३०० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, मीठ एक लहान चमचा, इन्स्टंट यीस्ट हिवाळ्यात ५ ग्रॅम आणि उन्हाळ्यात त्याच्या निम्मं, दूध साधारण १९० मिली, मऊ लोणी ४० ग्रॅम. दूध सगळं एकदम ओतू नये, मैदा मागेल तसं. लोणी शेवटी घालून दहा-बारा मिनिटं मनापासून मळावं. आधी हाताला चिकटते म्हणून पुष्कळजणी कोरडा मैदा भुरभुरतात आणि पाव कोरडा होतो. मळत राहिलं की चिकटपणा आपोआप जातो. कणीक फुगली की चोवीस गोळे. वरच्या घोळासाठी पातळ लोणी ६० ग्रॅम, साखर ८० ग्रॅम आणि दोन लहान चमचे दालचिनीची ताजी पूड.

दालचिनी जास्त वास यावा म्हणून कणकेतच घालू नका. तिच्यातल्या ज्या तेलानं तो सुगंध येतो, तेच तेल यीस्टला मंद करतं. ती बाहेरून लावलेलीच बरी. आणि घेताना नीट बघा. किराणा दुकानात दालचिनी म्हणून बहुतेक वेळा मिळते ती जाड, एकपदरी, टणक साल म्हणजे तज. खरी सिलोनी दालचिनी कागदासारख्या पातळ पदरांची सुरळी असते आणि चिमटीत चुरते. तजाचा स्वाद तिखट, पावात तो छानच लागतो. पण त्यात कूमारिन नावाचं द्रव्य पुष्कळ असतं आणि ते रोज पोटात गेलं तर यकृताला चांगलं नाही. वाढदिवसाच्या पावाला तज चालेल, लहान मुलांच्या रोजच्या दुधात नको.

डबा आठ इंची आणि अखंड बुडाचा हवा. सुट्या बुडाच्या डब्यातून पाक गळतोच. गोळे निम्म्यापेक्षा थोडे वर येतील एवढेच रचावेत आणि डब्याखाली कडा असलेला ट्रे ठेवावा, म्हणजे सांडलेला पाक सळीवर पडणार नाही. ओटीजी १८० अंशांवर आधी दहा मिनिटं तापवून मग पंचवीस ते तीस मिनिटं. वरून लवकर लाल झाला तर फॉइल झाकावी. ओटीजीची पिन जाड असते, ती सोळा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटमध्येच लावावी. आमच्या गल्लीत एका घरी एक्स्टेन्शन बोर्ड वितळून काळा झालेला मी पाहिलाय. इन्व्हर्टरवर ओटीजी लावू नये. मध्येच वीज गेली तर दार उघडू नका, आतली ऊब दहा-पंधरा मिनिटं काम करते. तेवढ्यात आली नाही तर जाड कढईत स्टँड ठेवून, झाकण घालून, मंद गॅसवर पाव पुरा करता येतो. वरचा रंग येणार नाही, पण पाव वाया जाणार नाही.

आणि उलटण्याची वेळ. पुस्तकातलं खरं आहे, पार गार झाला तर साखर डब्याला धरते. पण ‘गरम’ म्हणजे उकळता नव्हे. डबा बाहेर काढून ओट्यावर ठेवायचा आणि दहा मिनिटं त्याला हात लावायचा नाही. कडेचे बुडबुडे थांबतात, पाक मधासारखा दाटतो. मग बांगड्या मागं सरकवून, दोन्ही हातांत जाड कोरडं कापड घेऊन, डब्यापेक्षा मोठं खोल ताट वर पालथं घालायचं, दोन्ही घट्ट धरून अंगापासून लांब, पुढच्या दिशेनं उलटायचं. या दहा मिनिटांत मुलं स्वयंपाकघरात नकोत. वासानं ती धावत येतात आणि ओट्याची कड त्यांच्या तोंडाच्या उंचीला असते. त्या दुपारी धाकटी माझ्या कमरेशी उभी होती. पाक माझ्या मनगटावर आला.

पुढं दोन वर्षांनी येळवसेला शेतावर न्यायला म्हणून मी हा पाव केला. मार्गशीर्षातली अवस, भल्या पहाटेची थंडी. आत्याबाईंनी आंबिलीचं मडकं चुलीच्या अंगाला सरकवून माझ्या पातेल्याला जागा करून दिली. तीच कणीक, पुरं यीस्ट, कोमट दूध, आणि तिला दोन तास लागले. मध्ये तीनदा त्यांनीच झाकण उचलून बोट दाबून बघितलं, आणि तिसऱ्यांदा खड्डा हळूहळू निम्मा भरत आला तशी मला हाक मारली.