करंगळी वर करण्याआधी

बाजारातून परतताना वाटभर काही त्रास नसतो. जिना चढला, पर्समधून किल्ली काढली, ती कुलपात घातली आणि एकाएकी लघवीची अशी कळ येते की चप्पल काढायलाही सवड मिळत नाही. दवाखान्यात पन्नाशीच्या बायका हे सांगताना आधी दाराकडे बघतात, मग आवाज खाली आणतात. त्या दोन मिनिटांत मूत्राशय काही भरून आलेलं नसतं. घर आलं, एवढंच मेंदूला कळलेलं असतं.

मूत्राशयाचा दिवस बहुतेक साठवण्यातच जातो. कण्याच्या मधल्या भागातून निघालेल्या नसा त्याची भिंत सैल ठेवतात आणि तोंड आवळून धरतात. साधारण 150 ते 200 मिली लघवी साठली की पहिली चाहूल लागते. 400-500 मिलीपर्यंत माणूस निभावून नेतो. सोडायची वेळ आली की माकडहाडाच्या वरच्या, त्रिकास्थीतल्या नसा भिंत आकुंचित करतात आणि त्याच क्षणी खालची झडप सैल पडावी लागते. हा मेळ घालणारी जागा मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात आहे. ब्रिटिश डॉक्टर बॅरिंग्टन यांनी 1925 मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून ती दाखवून दिली.

तान्ह्या बाळाचा पॉन्स हे काम करतोच, पण त्याला थांबवणारा मेंदूचा पुढचा भाग अजून कच्चा असतो. म्हणून आई ‘शूऽऽ’ करते आणि वाट बघते. पुढे तेच मूल वर्गात करंगळी वर करून बाईंच्या होकारासाठी थांबतं, तेव्हा हा पुढचा भागच पॉन्सला ‘जरा दम धर’ सांगत असतो. (होकार न देणाऱ्या बाईंविषयी इथे न लिहिलेलंच बरं.)

पक्षाघात किंवा पार्किन्सनमध्ये हा दम धरायला लावणारा कमजोर होतो आणि घाई सुरू होते. मणक्याला इजा होऊन मज्जारज्जूच तुटला, तर भिंत आवळते पण झडप उघडत नाही. दाब उलटा मूत्रपिंडांवर येतो. एकेकाळी असे रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन दगावत. 1972 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर लॅपिडिस यांनी रुग्णाने स्वतःच दर काही तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करावं, असं सुचवलं. नळी निर्जंतुक नसली तरी चालेल, नळी आणि हात स्वच्छ हवेत, एवढीच त्यांची अट. अनेकांना ते वेड वाटलं. आज ती रोजची पद्धत आहे.

मधुमेहात गोष्ट उलटी आणि फसवी असते. ‘पूर्वी सारखं उठावं लागायचं, आता दिवसातून दोनदाच जातो,’ असं एखादे आजोबा खुशीत सांगतात. साखर आटोक्यात आलेली असू शकते. पण नसा बधिर होऊन चाहूलच लागत नाही, असंही असू शकतं. अशांनी लघवी करून आल्याबरोबर सोनोग्राफीत आत किती उरते ते पाहून घ्यावं, आणि कळ येण्याची वाट न बघता घड्याळ बघून तीन-चार तासांनी जावं. वयस्कर पुरुषांनी सर्दीच्या गोळ्याही विचारूनच घ्याव्यात. काही गोळ्यांनी लघवी तुंबते.

कुलपाजवळच्या कळेसाठी आधी लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना, ते बघावं. नसेल, तर धावू नये. आहे तिथे उभं राहून, लघवी रोखताना आवळतो ते स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळावेत. त्याने मूत्राशयाचं आकुंचन मंदावतं, कळ ओसरते. मग चप्पल काढून सावकाश आत जावं. सुरुवातीला फजिती होईल. काही आठवड्यांत फरक दिसू लागतो.

एका बाबतीत मात्र दम धरू नये. कंबरदुखीच्या रुग्णाची लघवी अडली आणि सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, तर मालिश-शेक सोडून त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठावं. सरकलेली चकती तिथल्या नसांचा अख्खा जुडगा दाबत असू शकते.